डबा परत पाहिजे

बाईंचा फोन महिन्या-दोन महिन्यांतून येतो. त्यात तब्येतीची चौकशी नसते, पाऊसपाण्याची नसते. मी "हॅलो" म्हणतो आणि पलीकडून एकच शब्द येतो, "डबा?" मी म्हणतो, "आणतो बाई, या रविवारी नक्की." बाई "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. लग्न झाल्यावर पहिले काही महिने माझ्या बायकोची समजूत होती, की मी कुठल्या तरी मेसवाल्या बाईंना फसवून पुण्यात पळून आलोय. तिची समजूत पूर्ण चूक होती असं मी म्हणणार नाही.

शिरूर सोडून दौंडच्या बाजूला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो. त्या उसात एका ठिकाणी जुन्या मिशनचा एक बंगला आहे, कौलारू, लांबलचक व्हरांड्याचा. तिथं बाईंचा निवासी वर्ग चालायचा, अजूनही चालतो. दहावीत आपटलेली, नववीतूनच शाळा सोडलेली, घरच्यांनी हात टेकलेली पोरं तिथं वर्षभर राहायची. कागदोपत्री त्याला मोठं नाव होतं, त्यात 'शैक्षणिक व वैयक्तिक कौशल्यविकास' असे वजनदार शब्द होते. सहाआसनीवाले मात्र सरळ "बिघडलेल्या पोरांचं" म्हणायचे. मी पहिल्या दिवशी बॅग घेऊन तिथं उतरलो, तेव्हा रिक्षावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुला कशात धरलं रं?"

मी एम.एस्सी. होतो, गणितात, पहिल्या वर्गात. त्या आठवड्यापासून मी मिशी राखायला घेतली.

बाई पूर्वी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. उंच, हडकुळ्या, खळ घातलेलं सुती पातळ, आणि आवाज इतका हळू की ऐकणाऱ्यालाच पुढं वाकावं लागे. तो आवाज कधी चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं; माणूस रागावलं की निदान आपल्याला उलट रागावता येतं. बाई रागवायच्या नाहीत, फक्त नियम सांगायच्या. आणि ते नियम जगात दुसरीकडं कुठंही नव्हते.

पहिला नियम माझ्यासाठीच केला होता की काय कोण जाणे. वर्गात "समजलं का?" असं विचारायचं नाही.

"का हो बाई?"

"कारण पोरं हो म्हणतात. हो म्हणायला त्यांना आधीपासून येतं. तेवढ्यासाठी त्यांना घरापासून लांब ठेवायची गरज नाही."

त्याऐवजी विचारायचं, "काय नाही समजलं ते सांग." आणि ज्याला नेमकं काय समजलं नाही ते नीट सांगता येईल, त्याच्यासाठी वर्गानं टाळ्या वाजवायच्या. आता हे ऐकायला फार छान आहे. करून बघा. मी फळ्यावर सुरेख पायथागोरस सोडवून वळायचो, आणि तोंडातून आपोआप निघायचं, "समजलं का?" निघालं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, व्हरांडा." कारण नियम मोडणाऱ्या शिक्षकानं व्हरांडा झाडायचा, असा पोटनियम होता. पोरं मुद्दाम मला लाडानं बघत माना डोलवायची, मी फसायचो, आणि खराटा हातात यायचा. माझ्या पहिल्या सत्रात पोरांचं गणित किती सुधारलं याबद्दल मतभेद आहेत. व्हरांड्याबद्दल नाहीत.

तो मागच्या बाकावरचा आवाज तेजसचा. मूळचा राहू गावचा, बाप सणसवाडीला एका कंपनीत कंत्राटावर, बायको-पोरासह खोली घेऊन तिथंच राहणारा. पोरगं दहावीला गणितात आणि विज्ञानात गेलेलं, त्यानंतर घरात बोलेनासं झालेलं. आमच्याकडं मात्र बोलायचं. माझ्याबद्दलच बोलायचं.

दुसरा नियम फाटकाचा. फाटकाला कुलूप नव्हतं. मी आल्या आल्या नवं कुलूप आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं, तर बाईंनी ते पेपरवेट म्हणून वापरायला घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला पळून जायचंय त्यानं सांगून पळावं. उपाशी पळू नये. स्वयंपाकघरात स्टीलच्या दोन पुडांच्या डब्यांची एक रांगच होती, झाकणावर आतल्या बाजूनं टोकदार खिळ्यानं क्रूस कोरलेला. पळणाऱ्याला त्यात भाकरी, चटणी आणि गुळाचा खडा मिळायचा, आणि बाई फाटकापर्यंत सोडायला जायच्या. एवढंच म्हणायच्या, "डबा माझा आहे. परत पाहिजे."

माझ्या पहिल्याच महिन्यात तेजसनं पळून जायचं ठरवलं. रीतसर येऊन सांगितलं, डबा घेतला आणि गेला. मी बाईंना म्हणालो, "अहो, पोलिसांत तरी कळवू."

"त्याच्या आईला फोन केलाय. दौंड स्टेशनाबाहेर तिचा भाऊ पेरूच्या गाडीवर असतो, त्यालाही केलाय. तो लक्ष ठेवून आहे. संध्याकाळपर्यंत बघू."

मला संध्याकाळपर्यंत दम कुठला. मी मोटारसायकल काढली आणि दौंडला निघालो, मनात स्वतःबद्दल फार चांगले विचार येत होते. पोराच्या खांद्यावर हात ठेवून काय बोलायचं ते मी वाटेत घोकलं. दौंडच्या फलाटावर मी हातपंपापासून पार्सल ऑफिसपर्यंत चकरा मारल्या, एका भलत्याच पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आईच्या शिव्या खाल्ल्या. परत येताना पेट्रोल संपलं. उसाच्या ट्रॉल्या माझ्या अंगावर धूळ उडवत जात होत्या आणि मी गाडी ढकलत होतो. फाटकापाशी पोचलो तेव्हा ते आतून तेजसनं उघडलं.

"सर, कुठं गेलता? बाई काळजीत हायत."

तो टेम्पोनं मघाशीच आला होता. डबा घासून, पुसून आणलेला. आत दोन पेरू. बाईंनी विचारलं, "हे काय?"

"रिकामा डबा कसा द्यायचा? आई म्हंती बरं नसतं."

"आणि गाडीत का नाही बसलास?"

"बसणार हुतो. पन डबा तुमचा व्हता ना."

बाईंनी एक पेरू चिरून त्याला दिला, एक स्वतः खाल्ला. मला कुणी विचारलं नाही.

तिसरा नियम सांगायचा म्हणजे माझ्या पोटात आजही आग पडते, अगदी खरोखरची. कुणाचंही भांडण झालं, की दोघांना बाईंच्या खोलीत बसायचं. आपली बाजू मांडायची नाही. दुसऱ्याची मांडायची. तीही "मी" म्हणून, आपणच तो आहोत असं समजून. तोवर बोलायचं, जोवर समोरचा म्हणत नाही, "व्हय, हेच म्हणणं हाय माझं." तोपर्यंत दोघं भांडणारे, बाई आणि एक साक्षीदार, यांनी जेवायचं नाही. भांडणारे बदलत. साक्षीदार कायम मीच. "सर, साक्षीला बसा," हे शब्द कानावर यायला आणि स्वयंपाकघरात फोडणी पडायला एकच वेळ असायची. चार्जर कुणाचा, बादली आधी कुणी लावली, माझ्या बहिणीचा फोटो का बघितलास, अशा थोर प्रश्नांवर मी आमट्या गार झालेल्या बघितल्या आहेत.

एकदा मीच सापडलो. तेजसनं वर्गात मला सलग तीन वेळा "समजलं का" म्हणायला लावलं, म्हणून मी त्याची तक्रार घेऊन गेलो. विसरलो होतो कुणाकडं चाललोय.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेजस. बोला."

मी घसा खाकरला. "मी तेजस. मी उद्धट आहे."

"न्हाई," तेजस म्हणाला.

"मला गणित येत नाही, म्हणून मी मस्ती करतो."

"न्हाई."

वेळ जात होता. शेजारच्या खोलीत पोरं अंड्याच्या रश्शाचे भुरके मारत होती आणि मुद्दाम मोठ्यानं मारत होती. शेवटी भुकेनं माझा अहंकार खचला. मी म्हणालो, "मी तेजस. आमचे सर फळ्याशी बोलतात. आमच्याकडं तोंड करतात ते फक्त समजलं का विचारायला. सर कंटाळवाणे आहेत."

तेजसनं जरा विचार केला. "येवढं न्हाई," तो मोठ्या मनानं म्हणाला, "पन जवळ आलं."

तेवढ्यावर बाईंनी सुटका केली. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याकडं पाठ करून शिकवायला लागलो आणि आकृत्या वाकड्या येऊ लागल्या. पण ते असो.

तेजसचा बाप आला तो एका रविवारी. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. तेजसला एव्हाना वर्गसमीकरण सोडवता येत होतं, आणि जिथं अडायचा तिथं नेमकं कुठं अडलं ते तो इतकं चोख सांगायचा, की टाळ्या त्यालाच जास्त पडायच्या. रविवारी आमच्याकडं कोंबडी असायची. बाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या, रश्शाचा वास व्हरांडाभर पसरला होता, आणि मी ताट घेऊन ओळीत सगळ्यांच्या पुढं उभा होतो. तेवढ्यात फाटकातून मोटारसायकल आत आली. बारीकसा माणूस, कंपनीचा निळा शर्ट, मागं पोराचं सामान बांधायला आणलेली दोरी.

"बाई, पोराला घिऊन चाललो."

"न्या की. झालं काय?"

"कंत्राटदारानं जागा धरून ठिवली हाय, माझ्याच लाईनीवर. उद्या आला न्हाई तर दुसऱ्याला देणार. दोन वर्सं मागं लागलो तवा मिळाली. परीक्षा काय, पुन्हा बी येती."

तेजस खांबाला टेकून उभा होता. म्हणाला, "मी येणार न्हाई."

"ऐकलं? आसं हाय ह्ये. बापाला न्हाई म्हनायला शिकवलंय तुम्ही."

मी ताट खाली ठेवलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं.

"सर," बाई म्हणाल्या, "साक्षीला बसा."

नियम ऐकून बापाला वाटलं थट्टा चाललीय. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याची खात्री पटली, की ही थट्टा नाही. आधी तेजसची पाळी होती. तो खाली मान घालून बोलायला लागला.

"मी पप्पा हाय. मी अंधारात उठतो. माझा उजवा गुडघा दुखतो, पन कंपनीत सांगत न्हाई. सांगितलं तर घरी बसवत्याल. मला वाटतं, मी हाय तवर पोरगं लायनीला लागावं. मागनं त्याला कोन इचारनार न्हाई. दहावी काय, माझ्याबरूबरची बारावी झालेली बी तिथंच पाट्या उचलत्यात. मग आत्ताच का न्हाई."

बापाचा हात उजव्या गुडघ्यावर गेला. तो म्हणाला, "गुडघ्याचं तुला कुनी सांगितलं?"

"जिना उतरताना भिंतीला हात लावता."

"हेच म्हणणं आहे का तुमचं?" बाईंनी विचारलं.

"व्हय," बाप म्हणाला. "ह्येच हाय."

"मग आता तुम्ही तेजस."

बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी तेजस. मला काम नगं. मला मोबाईल पायजे."

"न्हाई," तेजस म्हणाला.

"मला आयतं पायजे."

"न्हाई."

"मग काय पायजे तुला, त्ये तूच सांग की लेका."

"तसं नाही चालत," बाई म्हणाल्या. "ते तुम्ही सांगायचं."

बाप उठून बाहेर गेला. चिडला असता तर मी समजू शकलो असतो, पण तो हातपंपाजवळ जाऊन नुसता उभा राहिला. मी त्याच्यामागं गेलो. माझ्या मनात दया होती आणि पोटात कावळे होते, आणि या दोहोंपैकी कुणी मला पुढं ढकललं हे मी आज सांगू शकणार नाही.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही शिकवता त्याला. तुमाला ठावं आसंल. काय म्हननं हाय पोराचं?"

आता खरं तर मला माहीत नव्हतं. वर्षभर मी त्या पोराला गणित शिकवत होतो, त्याला कुठं अडतं ते मला पाठ होतं, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. पण मास्तराला माहीत नाही म्हणायची सवय नसते. मी त्याला एक उत्तर तयार करून दिलं, दोनदा म्हणवून घेतलं, आणि आत आणलं.

बाप सावधान उभा राहिला. "मी तेजस. शिक्षण ही आयुष्याची शिदोरी हाय. मला उच्च शिक्षण घिऊन सोताच्या पायावर हुबं ऱ्हायचंय, किंबहुना, समाजाचं..." इथं तो थांबला आणि माझ्याकडं बघितलं. मी ओठांनी "ऋण" म्हणालो.

तेजसही माझ्याकडंच बघत होता. "ह्ये सरांचं म्हननं हाय," तो म्हणाला.

बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "सर, व्हरांडा."

म्हणून पुढचं सगळं मी खिडकीबाहेरून, हातात खराटा धरून ऐकलं. मग बापाचा आवाज आला, अगदी साधा, घरात बोलावं तसा.

"एकदा तू कंपनीच्या गेटवर आलता. माझा डबा राहिलता घरी, आईनं तुला पाठवलं. तवा तो नवा सुपरवायझर मला बोलत हुता. तू डबा वॉचमनकडं ठिवून गेलास. मला भेटला न्हाईस."

आत तेजसची खुर्ची करकरली.

"मला वाटलं तू बघितलं नसशील." मग म्हणाला, "मी तेजस. मला त्या लाईनीवर जायचं न्हाई. तिथं पप्पाला बोलत्यात. आन् पप्पा हसतो. मला त्ये रोज बघायचं न्हाई."

मी झाडायचा थांबलो होतो.

"हसता कशाला तुमी?" तेजस म्हणाला.

"मग काय करू?"

बाईंनी तेजसला तोच प्रश्न विचारला, हेच म्हणणं आहे का. शेवटी पोराचा आवाज आला. "व्हय. ह्येच हाय."

मला वाटलं, आता बाई बापाला दोन शब्द सांगतील. परीक्षा होऊ द्या म्हणतील. जिंकलेला डाव पदरात पाडून घेतील. कुणीही घेतला असता. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "रस्सा परत गरम करायला सांगते. जेवा, आणि न्यायचं असेल तर घेऊन जा."

मी खराटा टाकून आत गेलो. "बाई, अहो..."

"समजलं मला, सर," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना चालत होता, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

बाप-लेक शेजारी बसून जेवले. बापानं आपल्या वाटीतली तंगडी उचलून पोराच्या ताटात टाकली, पोरानं ती परत बापाच्या ताटात टाकली, बापानं पुन्हा पोराच्या. माझ्या वाट्याला पाठ आणि मान आली होती, त्यामुळं मी त्या तंगडीचा प्रवास बारकाईनं बघत होतो. ती शेवटी तेजसनं खाल्ली. हात धुताना बाप म्हणाला, "परीक्षा हू दे. कंत्राटदाराला बघतो काय ते."

दोरी तशीच गाडीला बांधून तो निघाला, तेव्हा बाई फाटकाशी डबा घेऊन उभ्या.

"ह्ये कशाला बाई? आन् आता माझं येनं हुनार न्हाई. ओव्हरटाइम चालूय, परीक्षेपत्तुर सुट्टी न्हाई."

"डबा माझा आहे," बाई म्हणाल्या. "परत पाहिजे."

पुढच्या रविवारी फाटकात मोटारसायकल वाजली. डब्यात पोराच्या आईनं केलेले शेंगदाण्याचे लाडू होते. त्याच्या पुढच्या रविवारीही वाजली, कारण बाईंनी डबा पुन्हा भरून दिला होता. परीक्षेपर्यंत तो माणूस एकही रविवार चुकला नाही. व्हरांड्याच्या पायरीवर दोघं बसायचे, बाप गुडघ्याला तेल चोळायचा आणि पोरगं त्याला वर्गसमीकरण समजावून सांगायचं. बापाला त्यातलं काय समजत नाही ते तो अगदी चोख सांगायचा. "ह्यातलं काहीच न्हाई," म्हणायचा.

तेजस काठावर सुटला. विज्ञानातही आणि गणितातही. श्रेय मी सगळीकडं घेतो. तो आता शिरूरला आयटीआयला जातो आणि मला अधूनमधून मेसेज करतो, 'सर, व्हरांडा कसाय?' एवढाच.

मी तिथून निघालो तो पुण्यात क्लासमध्ये नोकरी मिळाली म्हणून. राजीनामा घेऊन गेलो, तर बाईंनी समोरची खुर्ची दाखवली. मी हातच जोडले. म्हणालो, "बाई, जेवणाची वेळ झालीय." त्या हसल्या. हसताना त्यांना मी तेवढंच पाहिलं. फाटकापर्यंत आल्या आणि डबा हातात दिला.

तो डबा माझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. झाकणाच्या आत क्रूस. बायको रोज घासून पुसून ठेवते आणि रोज मला सुनावते. गेल्या फोनवर मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, कामातून निघणं होत नाही. कुरिअरनं पाठवला तर चालेल का?"

मग तोच हळू आवाज, मी फोन कानावर दाबून पुढं वाकलो.

"कुरिअरवाला कुठं गेला होता इथून?" बाई म्हणाल्या. मग पोरांना म्हणायच्या तसं, "गेलास तू."

तर उद्या रविवार आहे. बायकोनं डबा ओट्यावर काढून ठेवलाय. जायचं ठरलंय, पेट्रोलही भरून ठेवलंय. रिकामा तर नेता येत नाही, आणि त्यात घालण्यासारखं मी इतक्या दिवसांत काय केलं, याचा विचार करत मी सकाळपासून स्वयंपाकघरात उभा आहे. बायकोनं आत्ताच विचारलं, "शेवटी काय भरायचं, ठरलं का?"

मी म्हणालो, "पेरू."